लासुर्ण्याच्या पाहुण्यांच्या पुरणपोळ्या

मी बघण्यासारखी नव्हते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचणाऱ्याची फसवणूक नको. रंगानं आमच्या खाणीतल्या दगडाच्या जवळपास, अंगानं काटकी, आणि आवाज असा की मी वस्तीवरून हाक मारली तर कळंबच्या रस्त्याला लागलेली बैलगाडी थांबायची. आवाजात माझा दोष नव्हता. माझ्या वडिलांची, आबांची, माळावर दगडाची खाण होती. सुरुंग उडवून उडवून त्यांचे कान गेले होते, आणि ज्या घरातला कर्ता माणूस बहिरा त्या घरात सगळेच ओरडतात. आई तर देवापुढं हात जोडूनसुद्धा ओरडायची. देवाला ऐकू येतं यावर तिचा भरवसा नव्हता. शेजारची वस्ती बरीच लांब होती, तरी आमच्या घरात आज कालवण काय केलंय हे त्यांना रोज कळायचं.

घर खाणीच्याच दगडांचं होतं, म्हणजे जे दगड कुणी विकत घेत नसे त्यांचं. त्यामुळं भिंतीला कुठं पोट सुटलेलं, कुठं कंबर आत गेलेली. उजाडलं की माळावरून आबांच्या टाकीचा, म्हणजे छिन्नीचा, टकटक आवाज सुरू व्हायचा आणि तो थांबला की आम्ही समजायचो, आबांना भूक लागली. आबा स्वतः जाती, पाटे, उखळं घडवायचे. बाकीचा दगड बांधकामाला जायचा. दगडाची भुकटी सगळीकडं असायची. दुधावर साय धरावी तशी ती पाण्याच्या हंड्यावर धरायची. आई पीठ दोनदा चाळायची, तरी भाकरी खाताना एखादा कण दाताखाली यायचाच. मला ते इतकं अंगवळणी पडलं होतं की पुढं कुठं स्वच्छ पिठाची भाकरी खाल्ली की काहीतरी घालायचं राहिलंय असं वाटायचं. आता माझ्या नातवानं बारामतीत बंगला बांधलाय आणि खाली पांढरीशुभ्र संगमरवरी फरशी घातलीय. येणारे-जाणारे तिचं कौतुक करतात. मी भिंत धरून चालते. दगडानं माणसाचा पाय धरून ठेवला पाहिजे. जो दगड म्हाताऱ्या माणसाला पाडायला बघतो त्याचं मला काय कौतुक?

चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि माझ्या डोक्यावर हंडा आला. खाणीत पाणी लागत नव्हतं, ते बरंच होतं. पण प्यायलाही आसपास कुठं लागत नव्हतं. पाणी कालव्यावरून आणायचं. सकाळी खेपा, दुपारी आबांची भाकरी खाणीवर पोचवायची, संध्याकाळी परत खेपा. असं करत अठरावं सरलं. गावाच्या हिशेबानं मी शिळी व्हायला लागले होते. तोवर मला दोनदा बघून झालं होतं. पहिली माणसं माळेगावच्या बाजूची. त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं, आणि पोराच्या आत्यानं कानावर हात ठेवला. दुसऱ्यांनी मला सुईत दोरा ओवायला लावला. तो मी ओवला, पण ओवता ओवता सुई गंजलीय हेही सांगितलं. दोन्ही वेळेला माणसं जेवली, ढेकर दिली आणि ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणून गेली. त्या काळात तोंडावर नाही म्हणायची रीत नव्हती. ‘कळवतो’ म्हटलं की मुलीच्या आईनं समजायचं आणि भांडी घासायला घ्यायची.

तिसरं स्थळ लासुर्ण्याचं होतं, आणि ते मला हवं होतं. पोरगा कसा आहे याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या दारात विहीर होती, आणि विहिरीवर इंजिन. मध्यस्थानं हे सांगितल्यापासून मला रात्रीसुद्धा इंजिनाचा आवाज ऐकू यायला लागला होता. शिवाय हे स्थळ हातचं गेलं तर पुढं कोण, तेही ठरल्यासारखं होतं. इंदापुरातला एक बिजवर टपून बसला होता. आबांच्याच वयाचा, तपकीर ओढायचा, आणि त्याची थोरली पोरगी माझ्याहून उंच होती. आईनं मला बजावलं, की विचारतील तेवढंच बोलायचं, तेही मांजरासारखं. मान खाली, नजर पायाच्या अंगठ्यावर. “मान वर केलीस तर याद राख,” असं ती म्हणाली, आणि हे शेजारच्या वस्तीनंही ऐकलं असणार.

ठरल्या दिवशी ती पहाटेपासून पुरण शिजवत होती. पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडया, भजी. एवढं आमच्याकडं दिवाळीलाही होत नसे. मला उन्हात जायची बंदी होती, आहे त्याहून काळी पडेन म्हणून. पण पाहुणे यायची वेळ झाली तरी खाणीवरचा आवाज थांबेना, तेव्हा आईनंच मला पिटाळलं: आबांना घेऊन ये, त्यांना आंघोळ घालायचीय.

खाणीवर जाऊन बघते तर साखर कारखान्याची जीप उभी. जीपचा ड्रायव्हर बबन आमच्याच भागातला. तो म्हणाला की इटलीवाल्या साहेबांना खाण बघायचीय. हे साहेब त्यांच्या देशातून आलेलं एक यंत्र बसवायला कारखान्यात आले होते आणि तिथल्याच बंगल्यावर बायको आणि आईला घेऊन राहिले होते. त्यांचं नाव एन्झो. म्हातारीला घरात नोना, म्हणजे त्यांच्या भाषेत आजी, म्हणायचे, म्हणून बबन तिला नोनाआजी म्हणायचा. या लोकांच्या गावाकडं संगमरवराच्या खाणी, नोनाआजीचा नवरा, सासरा, भाऊ सगळे खाणीतले. इथं येऊन म्हातारीचं मन लागत नव्हतं. सगळीकडं नुसता ऊस. उसाकडं किती वेळ बघणार माणूस? मग एक दिवस तिनं रस्त्यानं दगडाची गाडी जाताना बघितली आणि दगड कुठून येतो ते दाखवा म्हणून हट्ट धरला.

म्हातारी ठेंगणी, रुंद, काळ्या झग्यातली. डोक्याला फडकं बांधलेलं, अगदी आमच्या ऊस तोडणाऱ्या बायकांसारखं. साहेब आणि त्यांची बायको जीपच्या सावलीला उभे राहिले, पण ही सरळ खाणीत उतरली. दगडावर बोटाच्या हाडानं टकटक केलं, कान लावला. मग बोटाला थुंकी लावून दगड ओला केला आणि बघितलं. आबा एवढा वेळ साहेबांना रामराम घालत होते, ते सोडून हिच्याकडं बघत राहिले, कारण ते स्वतः नवा दगड असाच बघायचे, आणि थुंकू नका म्हणून आईची बोलणी खायचे. दोघं खाणभर हिंडले. ती तिच्या भाषेत बोलत होती, आबा आपल्या. आबांना तसंही कुणाचं काही ऐकू येत नव्हतं, त्यामुळं भाषेची अडचण त्यांना एकट्यालाच आली नाही.

मग तिनं झग्याच्या खिशातून रुमालात बांधलेला पांढरा दगड काढला. नवऱ्याच्या खाणीतला संगमरवराचा तुकडा, मूठभर. एवढ्या लांब समुद्रापलीकडून तो तिनं आठवण म्हणून बरोबर आणला होता, असं साहेबांनी बबनला मोडक्या हिंदीत सांगितलं आणि बबननं आम्हाला. आबांनी तो हातात घेतला. उन्हात धरला. “ह्यो दगड न्हाय, साखर हाय,” म्हणाले. आणि मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं नसतं. आंबा हातात आला की माणूस हुंगतो, तसं दगड हातात आला की आबा त्याच्यावर हातोडीनं टिचकी मारून बघायचे. आमचा काळा दगड अशा टिचकीला भीक घालत नाही. पण तो पांढरा बिचारा सरळ दुभंगला.

बबननं डोळे मिटून घेतले. साहेबांच्या बायकोनं तोंडावर हात ठेवला. आबा दोन तुकडे दोन हातांत घेऊन उभे, चोरी करताना धरलेल्यासारखे. नोनाआजीनं तुकड्यांकडं बघितलं, आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि खांदे उडवले. एक तुकडा रुमालात बांधला आणि दुसरा आबांची मूठ मिटवून आत ठेवला. तुला एक, मला एक, असं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर पुढचं काही घडलं नसतं. पण ती अशी वागल्यावर आबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि शरमेपोटी त्यांच्या तोंडून निघून गेलं, “आता जेवल्याबिगर जायचं न्हाय.”

आमच्याकडं हे म्हणायचंच असतं. आणि समोरच्यानं ‘नको नको, परत कधीतरी निवांत येतो’ हे म्हणायचंच असतं. मग परत एकदा आग्रह, परत एकदा नको, आणि शेवटी घोटभर चहावर मिटतं. दोन्ही बाजूंना हे पाठ असतं, म्हणून तर आपण कुणालाही जेवायला बोलवू शकतो. बबननं साहेबांना सांगितलं, साहेबांनी म्हातारीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

मी आबांच्या कानात ओरडले की लासुर्ण्याची माणसं वाटेवर असतील. ते म्हणाले, येऊ द्या की, पुरण ढीग पडलंय. पुरुषांना सगळं ढीगच दिसतं, कारण त्यांनी तो कधी वाटलेला नसतो.

आईनं जीपमधून उतरणारी माणसं बघितली, माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “कोण हायत ही?” आई हळू बोलली म्हणून मी घाबरले. तिनं तोपर्यंत कधी तसं केलं नव्हतं. मी सांगितल्यावर ती म्हणाली, लवकर वाढ, लवकर उठव. पाहुणे यायच्या आत ताटं उचलायची. आता आलेल्याला नाही तर म्हणता येत नाही.

ओसरीवर पंगत बसली. साहेबांचे गुडघे काही केल्या दुमडेनात, म्हणून त्यांनी पाय लांब सोडले आणि ताट मांडीवर घेतलं. नोनाआजी मात्र पाटावर अशी बसली की जणू जन्मभर तिथंच बसत आली होती. मी वाढत होते, आई चुलीपाशी. कटाच्या आमटीचा पहिला घास घेतल्यावर तिघांच्याही डोळ्यांना पाणी आलं आणि आमटी त्यांनी बाजूला सारली. पण पुरणपोळी! वर तुपाची धार, बाजूला वाटीत दूध. म्हातारीनं पहिला घास खाल्ला, बोटं ओठांना लावली आणि आकाशाकडं सोडली. पोळी संपली. मी दुसरी वाढली. तीही संपली.

आता इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपल्याकडं बास म्हणायचं ते ताटात पोळी असताना, दोन्ही हात ताटावर आडवे धरून, मान हलवत, ‘पुरे पुरे, पोटात जागा न्हाय’ असं म्हणत. ताट रिकामं झालं की वेळ गेली. रिकामं ताट समोर दिसत असताना वाढणारीनं पुढं जायचं कसं? तो अपमान होतो. आणि या लोकांकडं, हे बबननं नंतर सांगितलं, ताटात काही टाकलं तर रांधणारीचा अपमान होतो. म्हणून ते ताट स्वच्छ करायचे, अगदी शेवटच्या तुपाच्या थेंबापर्यंत, पोळीनं पुसून. ते मान राखायला खात होते आणि मी मान राखायला वाढत होते. साहेबांचा चेहरा लाल झाला, मग जांभळट. त्यांच्या बायकोनं पाठीमागं हात घालून झग्याचं काहीतरी सैल केलं. बबन तर आपलाच माणूस, त्याला हात आडवा धरता आला असता, पण त्या मेल्यानं धरला नाही. आतून आई ओरडत होती, आता तिला नेहमीचा आवाज सापडला होता, “अगं हौसा, झालं का त्येंचं?” आणि मी ओरडत होते, “न्हाय अजून, ताट मोकळं हाय.” आबा कौतुकानं म्हणत होते, वाढ वाढ, लांबची माणसं हायत.

त्यांनी हात धुतले तेव्हा पुरणाच्या पातेल्यात पळी आपटून आवाज यायला लागला होता. आणि त्याच वेळी अंगणात बैलगाडी थांबली.

मी मान खाली घातली ती घातली. त्यामुळं लासुर्ण्याची माणसं मी आधी पायांनीच बघितली. पहिले पाय भेगाळलेले, करकरत्या नव्या वहाणांतले. तो पोराचा बाप. दुसरे पाय आवळलेल्या बोटांचे, जोडवी रुतलेले, आणि टाच आधी टेकणारे. ती पोराची आई. जी बाई टाच आधी टेकते ती दुसऱ्याच्या घरातही मालकिणीसारखी चालते. आणि तिसरे पाय बुटातले. बूट उसने होते, कारण प्रत्येक पावलाला टाच बाहेर येत होती आणि पोरगा बोटं आवळून ते पकडून ठेवत होता. हे बघून मला बरं वाटलं की वाईट, ते आता आठवत नाही. विहीर त्यांची स्वतःची असली म्हणजे झालं, असं मनात आलं.

आईनं त्यांना पाणी दिलं, गूळ दिला आणि आत आली. पुरण नाही. भात गेला, भजी गेली, कुरडया गेल्या. शिल्लक काय, तर पातेलंभर कटाची आमटी आणि पोळ्यांसाठी भिजवलेली कणीक. या दोन वस्तूंचं आपल्याकडं एकच होतं. कणकेची पोळी लाटायची, सुरीनं तुकडे करायचे आणि आमटीत सोडून उकळायचे. चकोल्या. कंटाळा आला, घरात काही नसलं, पाऊस लागून राहिला, की करायचं ते खाणं. पोरगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या पानात चकोल्या म्हणजे आपण होऊन इंदापूरच्या बिजवराला निरोप धाडण्यासारखंच. आई लाटत होती आणि लाटता लाटता डोळे पुसत होती. ती रडली की मोठ्यानं रडायची. त्या दिवशी आवाज दाबून रडत होती, आणि ते मला जास्त लागलं.

एवढ्यात बूट दाराबाहेर काढून नोनाआजी आत आली. ती आभार मानायला आली असावी. पण तिनं लाटलेली कणीक बघितली, सुरी बघितली, उकळी बघितली, आणि तिचं तोंड असं उजळलं की जणू बंगल्यावर आल्यापासून ओळखीचं माणूस तिला आत्ताच भेटलं. तिनं आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. बाह्या सारल्या. आईच्या पोळ्या तिला जाड वाटल्या असाव्यात. तिनं त्या इतक्या पातळ लाटल्या की खालचा पोळपाट दिसावा. मग गुंडाळी केली आणि सरसर सुरी चालवली. दोरीसारख्या लांब लांब पट्ट्या निघाल्या. त्या तिनं हवेत झटकल्या, पीठ उडालं, आणि उकळीत सोडल्या. आई नुसती बघत राहिली. मी म्हटलं, आये, परक्या बाईला चुलीपाशी बसवलंस? आई म्हणाली, “गप. नाव बुडाय लागल्यावर नावाडी कोन हाय ते इचारत न्हायत.”

चकोल्या पानात पडल्या. पोराच्या आईनं त्या बोटानं वर उचलून बघितल्या. लांबच लांब येत राहिल्या. हे काय, असं तिनं विचारलं. आईनं नेहमीचं ठरलेलं वाक्य टाकलं, की सगळं पोरीनंच केलंय. मुलगी बघायच्या दिवशी पाण्यापासून पापडापर्यंत सगळं पोरीनंच केलेलं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त त्या दिवशी कोपरापर्यंत पीठ माखलेली दुसरीच बाई दारात उभी होती. पोराच्या आईनं तिच्याकडं एकदा आणि माझ्याकडं एकदा बघितलं. पोराचा बाप मात्र सुर्र सुर्र आवाज करत खात होता, आणि तो आवाज थांबत नव्हता.

जेवणं झाली आणि मला समोर पाटावर बसवलं. इटलीची मंडळी गेली नव्हती. जायला उठायची त्यांची ताकदच नव्हती. साहेब खांबाला टेकून डोळे मिटून होते. पोराच्या आईनं सुरुवात केली. नाव काय, शाळा किती, भाकरी केवढी थापतीस. मी मांजरासारखं बोलत होते. चालून दाव म्हणाली, चालले. केस सोडून दाव म्हणाली, सोडले. हात पुढं कर म्हणाली. माझ्या हाताला पाणी ओढून ओढून घट्टे पडले होते. ती म्हणाली, “हात लई राठ हायत.” मी ते पदराखाली घेतले.

नोनाआजी हे सगळं बघत होती. तिनं लेकाला डोळे उघडायला लावून विचारलं हे काय चाललंय. लेकानं बबनला विचारलं. लग्न ठरवतायत, एकमेकांना बघतायत, असं बबननं सांगितलं. ‘एकमेकांना’ हे त्यानं पदरचं घातलं. म्हातारीचं समाधान झालं. म्हणजे आता पोरीकडच्यांची पाळी. तिनं इकडंतिकडं बघितलं. आबा हसत बसले होते, आई दाराआड. कुणी उठत नाही म्हटल्यावर तीच उठली. आमच्याकडं जेवली होती, चुलीशी बसली होती, तिच्या हिशेबानं ती घरचीच झाली होती.

मला फक्त तिचे उघडे पाय पोराच्या बुटांपुढं जाऊन थांबलेले दिसले. बाकीचं कानांनी आणि नंतर बबनकडून कळलं. तिनं त्याचे हात पालथे-उलथे केले, दंड दाबला. दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून उजेडाकडं फिरवलं आणि दात बघितले, कारण बबन म्हणाला, “तोंड उघडा पावनं, आजीला दात बघायचेत.” मग उठवून चालवलं. दोन पावलांत एक बूट मागं राहिला.

मग तिचे प्रश्न, लेकामार्फत, बबनमार्फत. दारू पितो का? पोरगा म्हणाला, न्हाय. जनावराला मारतो का? न्हाय. आणि बायकोला मारणार का? पोरगा म्हणाला, “बायको अजून हाय कुठं?” तेव्हा पोराच्या बापाला हसू आलं आणि घशात चकोली अडकल्यासारखा ठसका लागला.

पोराची आई भडकली. “आमी पोरगी बघाय आलोय, पोरगा दावाय न्हाय. ही कोन बाई?” नोनाआजीनं लगेच विचारलं, काय म्हणाली. बबनला वाटलं आता प्रकरण हातघाईवर येणार. त्यानं सांगितलं, जेवण फार छान झालं म्हणतात. म्हातारी हसली आणि तिनं पोराच्या आईचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. आबांना यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं, पण सगळ्यांचं एवढं जमलेलं बघून ते म्हणाले, बरं झालं, ओळख झाली.

पोराच्या आईचे पाय फिरले. टाच आधी टेकली. ती म्हणाली, चला, ऊन उतरलं, घरी जाऊन कळवतो. दाराआड आईच्या बांगड्या वाजल्या. तिनं कपाळावर हात मारला होता. मला इंजिनाचा आवाज लांब लांब जाताना ऐकू आला. तपकिरीचा वास नाकात आला, खरोखर आला.

नोनाआजी हटली नाही. ती माझ्यापुढं येऊन उकिडवी बसली, एवढी खाली की माझ्या खाली घातलेल्या मानेतही तिचं तोंड मला दिसलं. तिनं काहीतरी विचारलं. साहेब बबनला बोलले. बबन जरा चाचरला. मग म्हणाला, “हौसाबाय, आजी इचारतीय, तुला पोरगा पसंत हाय का?”

तिथल्या कुणाच्याही डोक्यात हा प्रश्न आला नव्हता, आणि खरं सांगते, माझ्याही नाही. आईनं शिकवलेल्या उत्तरांत याचं उत्तर नव्हतं. मग मांजर कुठं गेलं कोण जाणे. “मला काय ठावं?” मी म्हटलं, आणि घरातल्या नेहमीच्या आवाजात म्हटलं. “मान खाली घालाय सांगितलीय. मी नुसतं बूट बघितल्यात, आन् ते बी त्येंचे न्हायत.”

पोराचा बाप इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. आबांनीही ऐकलं, माझा आवाज त्यांना ऐकू यायचाच. पोराची आई अंगणात गाडीपाशी पोचली होती, ती तिथंच थांबली. मग ते बूट माझ्यासमोर आले. पोरानं ते काढून बाजूला ठेवले. पाय साधे होते, नखांत काळी माती, अंगठ्याला फडकं बांधलेलं.

“बघ मग,” तो म्हणाला. “मी हुबा हाय.”

मी मान वर केली. सावकाश बघितलं, एवढ्या वेळा मला बघितलं होतं, मला काही घाई नव्हती. माणूस उंच नव्हता. नाक जरा जास्तच होतं. आणि दोन्ही गालांवर नोनाआजीच्या हातांचं पीठ, बोटं न् बोटं उमटलेली, एक कान तर पांढराच. इतका वेळ तो तसाच उभा होता आणि कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

“पसंत हाय,” मी म्हटलं. “पर आदी तोंड धुवा म्हनावं.”

तो अंगणात गेला, आपल्या आईच्या शेजारून, आणि माझ्या हंड्यातलं पाणी घेऊन त्यानं तोंड धुतलं.